बिल, पिशवी आणि मूठभर सरकी

यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्याला फसवणाऱ्यांचा हंगाम पेरणीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस. मे संपत आलेला असतो, वखरणी उरकलेली असते, सगळ्यांचे डोळे मृगाकडे लागलेले असतात आणि हातात रोकड नसते. पीककर्ज वेळेवर मिळालं तर ठीक, नाहीतर कृषी केंद्राच्या उधारीवर खरीप उभा करायचा. नेमक्या याच दिवसांत पांढरकवडा, वणी, मारेगाव, झरी-जामणीच्या पट्ट्यात तेलंगणाच्या बाजूने बेनामी पिशव्या उतरतात. दर खरिपात कृषी विभाग आणि पोलीस धाडी टाकतात, काही माल पकडला जातो, पेपरात बातमी येते. जो पकडला जात नाही तो वावरात जातो.

ही पिशवी आणून देणारा बहुधा परका नसतो. गावातलाच कुणी, सोयऱ्यांपैकी कुणी, किंवा दोन वर्षांपासून आपल्याला उधार देणारा दुकानदार. तो खोटं बोलतोय असं वाटतही नाही, कारण कधीकधी त्यालाही कुणीतरी तेच सांगून माल दिलेला असतो. म्हणून ‘अनोळखी माणसाकडून घेऊ नका’ हा नेहमीचा उपदेश इथे फारसा कामाचा नाही. आपल्याकडे फसवणूक ओळखीतूनच होते. तेव्हा ओळखीच्या माणसाकडूनही कागद मागून घ्यायची सवय लावून घ्या, हे माझं पहिलं आणि सगळ्यात आग्रहाचं सांगणं आहे. त्यात त्याचा अपमान नाही. पक्का माल विकणारा दुकानदार बिल द्यायला कां-कूं करत नाही.

बोगस बियाणं तयार कसं होतं, हे एकदा नीट समजून घेतलं की पुढची काळजी का घ्यायची ते आपोआप कळतं. जिनिंगमध्ये रुई निघाली की सरकी उरते. ती तेलाला आणि ढेपेला जाते. हीच सरकी आम्लात घोळून वरचे तंतू काढले, धुऊन वाळवली आणि वर रंग चढवला की ती कंपनीच्या बियाण्यासारखी दिसते. खऱ्या बियाण्यावरही तीच प्रक्रिया होते आणि तसाच रंग असतो. त्यामुळे तळहातावर घेऊन, दाताखाली फोडून किंवा वास घेऊन खरं-खोटं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ते कुणालाच सांगता येत नाही.

संकरित वाणाचं बी दरवर्षी दोन वेगळ्या वाणांचा संकर करून नव्याने तयार करावं लागतं. संकरित कपाशीच्या बोंडातली सरकी पुन्हा लावली, तर पुढच्या पिढीत एक झाड उंच वाढतं, एक बुटकं राहतं, एकाची बोंडं टपोरी तर शेजारच्याची बारीक. बीटीचा गुण काही झाडांत उतरतो, काहींत उतरत नाही. उगवण मात्र बऱ्याचदा चांगली होते, आणि खरा घात तिथेच आहे. जुलैत तासं भरलेली दिसतात, माणूस निश्चिंत होतो. शंका येते ती पात्या-बोंडं लागल्यावर, तोवर खत, डवरणी, निंदण, फवारणी, सगळा पैसा मातीत गेलेला असतो.

मात्र बोंडअळी दिसली म्हणजे बियाणं बोगसच निघालं, असं लगेच धरू नका. आपल्याकडे बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली, दोन जनुकांचं बोलगार्ड-दोन २००६ पासून आलं, आणि पुढच्या काळात गुलाबी बोंडअळीने या दोन्हींना दाद देणं सोडलं. २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडअळीने जो कहर केला तो रीतसर बिलाने घेतलेल्या, नामांकित कंपन्यांच्या बियाण्यांवरही केला. म्हणून तक्रार करताना ‘अळी पडली’ एवढंच लिहिलं तर ती टिकत नाही. झाडांची उंची, पानाचा आकार, फुलोऱ्याची वेळ, बोंडाचा आकार यांत एकाच वावरात कशी तफावत आहे, ते लिहावं लागतं.

आता चोरबीटीविषयी. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला आपल्याकडे हे नाव पडलं आहे. कुणी तिला आरआर म्हणतं, कुणी बीजी-थ्री. नाव काहीही घ्या, या बियाण्याला केंद्र सरकारची परवानगी नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांनुसार असं बियाणं तयार करणं, साठवणं, विकणं बेकायदा आहे. २०१९ च्या जूनमध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे जाहीरपणे हे बियाणं लावून आंदोलन केलं होतं. तंत्रज्ञान मिळावं की नाही हा वाद मोठा आहे आणि निंदणाला मजूर मिळत नाहीत ही अडचणही खरी आहे. मजुरीचा हिशोब मांडून कुणी या बियाण्याकडे वळला, तर त्याची गरज मला समजते. पण या लेखापुरता माझा मुद्दा वेगळा आहे.

चोरबीटी म्हणून जे विकलं जातं त्यात खरोखर काय आहे, हे तपासायला कुणीही नाही. पिशवीवर उत्पादकाचा खरा पत्ता नाही, लॉट नंबर असला तरी खोटा, बिल नाही. एका पिशवीत तणनाशक सहन करणारं बी आणि साधं बी मिसळलेलं असलं, तर फवारणी करीपर्यंत ते कळत नाही. ग्लायफोसेट फवारल्यावर तासातली काही झाडं हिरवी उभी राहतात आणि मधली मधली पिवळी पडून मरतात. आठवड्याभरात वावर विरळ होतं, नांग्या भरायची वेळही निघून गेलेली असते. आणि मग तक्रार कुठे करायची? बेकायदा माल घेतला हे आपणच सांगायचं? विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. घेणारा घाबरून गप्प बसणार, याच हिशोबावर त्याचा धंदा चालतो. रीतसर बियाण्यापेक्षा जास्त पैसे मोजून आपण तक्रारीचा हक्क आधीच गमावून बसतो, आणि म्हणून मी चोरबीटीला या सगळ्यातली सर्वांत मोठी फसवणूक मानतो. त्यातून ग्लायफोसेटला आपल्या देशात चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढ्याचसाठी परवानगी आहे, कपाशीवर नाही.

दुकानात

बीटी कपाशीच्या पिशवीचा कमाल दर केंद्र सरकार दरवर्षी ठरवतं. २०२५ च्या खरिपासाठी बोलगार्ड-दोनच्या ४७५ ग्रॅमच्या पिशवीचा दर ९०१ रुपये होता. त्या-त्या हंगामाचा दर पेरणीआधी जाहीर होतो, तो कृषी सहायकाकडून विचारून घ्या. एखाद्या वाणाला मागणी जास्त म्हणून त्यावर शंभर-दोनशे वर घेणं हा गुन्हा आहे. तसंच ‘हा वाण पाहिजे तर सोबत हे टॉनिकही घ्यावं लागेल’ असं म्हणून गळ्यात माल मारणं, म्हणजे लिंकिंग, हेही चालत नाही. बियाणे नियंत्रण आदेश १९८३ नुसार प्रत्येक विक्रेत्याने दुकानात साठा आणि दर यांचा फलक लावला पाहिजे. तो फलक दिसत नसेल तर तिथेच सावध व्हा.

पिशवी हातात आली की घाई न करता लेबल वाचा. पिकाचं आणि वाणाचं नाव, लॉट नंबर, चाचणीची तारीख, वैधता कधीपर्यंत, उगवणक्षमता किती टक्के, शुद्धता किती, वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता, आणि बियाण्याला विषारी औषध लावलं असल्याची सूचना. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, सत्यप्रत बियाण्याचं लेबल हिरवट रंगाचं असतं. कपाशीचं संकरित बियाणं बहुतेक सत्यप्रतच येतं, त्यामुळे निळा टॅग नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. पिशवीची शिलाई किंवा सील पुन्हा केल्यासारखं वाटतं का, लेबलवर दुसरं लेबल चिकटवलंय का, तारीख खोडून पुन्हा छापली आहे का, हेही बघा. मुदत संपलेला माल नव्या तारखेने विकणं ही जुनी युक्ती आहे. बियाण्याचा माग लावता यावा म्हणून केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘साथी’ नावाचं पोर्टल सुरू केलं. पिशवीवर क्यूआर कोड असेल तर घरातल्या पोराला सांगून दुकानातच मोबाईलने स्कॅन करून घ्या, आणि समोर येणारा वाण व लॉट पिशवीवरच्या मजकुराशी जुळतो का ते पडताळा.

बिलाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो, कारण पुढची सगळी प्रकरणं तिथेच अडतात. रोखीने घेणाऱ्याला बिल मिळून तरी जातं. उधारीवर घेणाऱ्याला दुकानदार वहीत लिहून घेतो आणि म्हणतो, ‘बिल पैसे दिल्यावर.’ पैसे द्यायचे दिवाळीनंतर, कापूस विकल्यावर. म्हणजे ज्याला फसवणुकीचा फटका सर्वांत जास्त बसणार, त्याच्याच हातात सहा महिने काही कागद नाही. कायदा असा भेद करत नाही. विक्री रोखीची असो की उधारीची, विक्रेत्याने बिल दिलंच पाहिजे असं त्याच आदेशात आहे. ‘भाऊ, उधार आहे तसं बिलावर लिहा, पण बिल आजच द्या’ असं म्हणा. कच्च्या चिठ्ठीवर राजी होऊ नका. बिलावर दुकानाचा परवाना क्रमांक, वाणाचं नाव, लॉट नंबर, पिशव्यांची संख्या आणि दर स्वच्छ लिहिलेले हवेत. ‘कापूस बियाणे, ४ नग’ एवढंच लिहिलेलं बिल नंतर फार थोडं सिद्ध करतं.

बिल कुणाच्या नावावर घ्यायचं यातही चूक होते. सातबारा सासऱ्याच्या नावावर, शेत करते सून, दुकानात जातो पुतण्या आणि बिलावर त्याचं नाव पडतं. मक्त्याने किंवा बटईने वावर करणाऱ्यांचं तर विचारूच नका. जो प्रत्यक्ष पेरणार आणि पैसे भरणार त्याच्या नावाने बिल करून घ्या, आणि मक्त्याचा करार साध्या कागदावर का होईना, दोन साक्षीदारांच्या सहीने लिहून ठेवा. नवऱ्यामागे शेती सांभाळणाऱ्या बायांनी तर हे नक्की करावं. त्यांच्या नावाचा कागद नसला की ऑफिसात त्यांनाच सगळ्यात आधी परत पाठवतात.

वावरात

पेरणीआधी उगवण घरी तपासता येते. सोयाबीनसाठी हे अनेकजण करतात, कपाशीसाठीही करावं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर बिया मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि पाणी शिंपडत राहा. सोयाबीनचे चांगले कोंब पाचव्या ते आठव्या दिवशी मोजा, कपाशीचे चौथ्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत. सोयाबीनमध्ये सत्तरच्या आत आकडा आला तर ते बियाणं प्रमाणात बसत नाही. कपाशीचा आकडा पिशवीवर छापलेल्या टक्केवारीशी ताडून बघा. बियाण्याला औषध लावलेलं असतं, तेव्हा हातमोजे घाला किंवा हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा, आणि उरलेलं बी कोंबड्या-ढोरांच्या तोंडी जाऊ देऊ नका.

पेरताना पिशवी वरच्या बाजूने फाडा, म्हणजे लेबल शाबूत राहील. पिशवी, टॅग आणि मूठभर बी कागदात बांधून, वर तारीख व गटनंबर लिहून, बिलासोबत घरात सुरक्षित ठेवा. मोबाईलवर बिलाचा आणि लेबलचा फोटो काढून मुलाला किंवा भावाला पाठवून ठेवा; कागद भिजला, उंदराने कुरतडला तरी तो राहतो. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीला हात घालू नका. हा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो आणि तो तक्रारीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. अपुऱ्या ओलीवर पेरलेलं उगवलं नाही, तर कंपनी पावसाकडे बोट दाखवते आणि पंचनाम्यातही तेच लिहिलं जातं.

उगवलंच नाही तर? इथे शेतकऱ्याची फार मोठी कोंडी होते. दुबार पेरणी चार दिवसांत करायला हवी, आणि वावर मोडलं की पुरावाही जातो. माझा सल्ला असा: ज्या दिवशी लक्षात येईल त्याच दिवशी तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी सांगितलेलं, फोनवर कळवलेलं मोजलं जात नाही. तक्रारीत गटनंबर, पेरणीची तारीख, त्याआधी पडलेला पाऊस, वाण, लॉट नंबर आणि दुकानाचं नाव लिहा. तालुका पातळीवर तक्रार निवारण समिती असते. तिचे अधिकारी आणि शास्त्रज्ञ येऊन पाहणी करतात, पंचनामा होतो. समिती येईपर्यंत थांबणं शक्य नसेल तर निदान आठ-दहा तासं तशीच राखून ठेवा, बाकीचं पेरा. मोडण्याआधी व्हिडिओ घ्या: आधी धुऱ्यावरची ओळखीची खूण, मग तासांमधून चालत, मग माती उकरून न रुजलेलं बी.

पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहा. शेजाऱ्याने त्याच आठवड्यात, तशाच जमिनीत दुसऱ्या लॉटचं बी पेरलं आणि ते उगवलं असेल, तर समितीला त्याच्या धुऱ्यावर नेऊन दाखवा आणि त्याची नोंद करायला लावा. पाऊस कमी पडला, खोल पेरलं, ही कारणं खोडून काढणारी याहून मजबूत गोष्ट नाही. लिहिलेलं पूर्ण वाचून किंवा वाचून घेऊन मगच सही करा आणि प्रत मागा. दुकानात त्याच लॉटच्या सीलबंद पिशव्या शिल्लक असतील तर निरीक्षकाने त्यातला नमुना काढून प्रयोगशाळेला पाठवावा, अशी मागणी तक्रारीतच लिहा. आपल्या भागासाठी सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळा नागपूरला आहे. फसवणूक फुलोऱ्यानंतर कळली तर तेव्हाही अशीच तक्रार करता येते, मात्र पऱ्हाटी उभी असतानाच करा.

भरपाईसाठी

समितीचा अहवाल आला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. कापूस बियाण्यासाठी महाराष्ट्राचा २००९ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात नुकसानभरपाईची तरतूद आहे. तो अर्ज कृषी विभागाकडेच करायचा. त्यावर विसंबून न राहता जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही लक्षात ठेवा. शेतकरी हा ग्राहकच नाही, त्याने बियाणे कायद्याखाली जावं, असं कंपन्या वर्षानुवर्षं म्हणत आल्या. राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये हा मुद्दा निकालात काढला: शेतकरी ग्राहक आहे, आणि पुढे खटला होईल म्हणून त्याने बियाण्याचा नमुना जपून ठेवावा अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. मूठभर बी ठेवा असं मी वर सांगितलं ते काम सोपं व्हावं म्हणून. नसेल ठेवलं तर तेवढ्यावरून मागे हटू नका.

कंपनी हैदराबादची असो की गुजरातची, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळच्या आयोगात तक्रार करता येते. माल घेताना मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि बियाण्याची खरेदी सहसा त्या मर्यादेतच असते. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतात. मागणीत फक्त पिशवीची किंमत लिहू नका. मशागत, खत, फवारणी, मजुरी आणि हातचं गेलेलं उत्पन्न धरा. त्यासाठी गावातल्या इतरांचं त्या वर्षीचं एकरी उत्पादन आणि बाजार समितीतला दर यांचे कागद जोडा. एकाच लॉटने गावातले दहाजण बुडाले असतील तर एकत्र जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तर कृषी विभागाचा १८००-२३३-४०००.

बियाणं नकली आहे हे माहीत असूनच विकलं, असं दिसत असेल तर पोलिसांतही जा. पूर्वी ज्याला चारशे वीस म्हणायचे ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं आहे. ठाणेदार ‘हे कृषी खात्याचं काम’ म्हणाला तर लेखी अर्ज द्या आणि पोच मागा.

कीटकनाशकांनाही हेच नियम लावा. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो माणसं दवाखान्यात पडली. त्यामागे कारणं अनेक होती. वाट्टेल ती औषधं एकत्र कालवायचे सल्ले हे त्यातलं एक. दुकानदार दोन औषधांत तिसरं ‘टॉनिक’ मिसळायला सांगत असेल, तर तो सल्ला बिलाच्या मागे लिहून सही करून द्यायला सांगा. बहुतेक जण तिथेच मागे सरतात. त्रास झालाच तर डबा फेकू नका, दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरला उपचारासाठी औषधाचं नाव लागतं आणि नंतर तक्रारीला बॅच नंबर.